‘यूझ’, वापर आणि वहिवाट : महाडच्या चवदार तळ्याच्या वादातील एका क्रियापदाचा विचार

इंग्रजी भाषेतील अतिपरिचित क्रियापदे परकी अभ्यासकाला सर्वांत अधिक फसवितात, हा अनुभव नवा नाही. ‘गेट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘रन’ यांसारख्या क्रियापदांचे अर्थ मोठ्या कोशांत रकानेच्या रकाने व्यापतात. त्यामुळे शिकविणाराही त्यांच्याविषयी सावध असतो. ‘यूझ’ या क्रियापदाविषयी मात्र अशी सावधगिरी क्वचितच बाळगली जाते. ‘उपयोग करणे’ किंवा ‘वापरणे’ एवढा प्रतिशब्द दिला की काम भागले, अशी समजूत शालेय कोशांपासून भाषांतराच्या वर्गापर्यंत आढळते. ही समजूत अपुरी तर आहेच. शिवाय महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एका मोठ्या प्रकरणाचा अर्थही तिच्यामुळे अंधुक होतो.

हे प्रकरण म्हणजे त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्यातील महाड येथील चवदार तळ्याचा वाद. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाच्या एका ठरावाने त्याचे बीज पडले आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने त्याचा शेवट झाला. दरम्यानच्या चौदा वर्षांत जे ठराव, दावे व निकाल झाले, त्यांचे मध्यवर्ती क्रियापद ‘यूझ’ हेच होते. एका पक्षाने तळे ‘यूझ’ करण्याचा हक्क सांगितला, तर दुसऱ्या पक्षाने आपल्या पिढीजात ‘यूसेज’चा आधार घेतला. शब्द एकाच धातूचे, पण बाजू परस्परविरुद्ध. इंग्रजीत हे नाते शब्दरूपातच दडून राहते. मराठीत मात्र पहिल्यासाठी ‘वापर’ आणि दुसऱ्यासाठी ‘वहिवाट’ असे दोन स्वतंत्र शब्द असल्याने वादाचे स्वरूप उघडे पडते. त्या वादाची भाषा तपासणे आणि या क्रियापदाच्या मराठी अर्थांकनात कोणती काळजी घ्यावयास हवी ते ठरविणे, हा या लेखाचा हेतू आहे.

१. क्रियापदाचा अर्थविस्तार

‘यूझ’ हे क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले असले, तरी त्याचे मूळ लॅटिन ‘यूती’ या धातूत व ‘यूसुस’ या नामात आहे. रोमन कायद्यात ‘यूसुस’ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची वस्तू स्वतःच्या गरजेपुरती वापरण्याचा अधिकार. वस्तूबरोबर तिचे उत्पन्नही घेता येत असेल तर तो ‘यूसुस्फ्रुक्तुस’. आणि ठराविक काळ वस्तू ताब्यात ठेवल्याने जी मालकी प्राप्त होते ती ‘यूसुकापिओ’. म्हणजे वस्तू हाताळण्याची साधी क्रिया, तिच्यापासून मिळणारा लाभ, आणि काळाच्या बळावर त्या क्रियेतून उत्पन्न होणारा हक्क, हे तिन्ही अर्थ या शब्दकुळात आरंभापासूनच एकत्र नांदत आहेत.

इंग्रजीत या मूळ अर्थांना आणखी फाटे फुटले. हत्यार ‘यूझ’ करणे म्हणजे चालविणे, शब्द ‘यूझ’ करणे म्हणजे योजणे, तेल ‘यूझ’ होणे म्हणजे खर्च होणे. आणि त्याला ‘अप’ हे अव्यय जोडले की संपून जाणे. जुन्या इंग्रजीत माणसाला ‘यूझ’ करणे म्हणजे त्याला वागविणे असाही अर्थ रूढ होता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात नटमंडळींचा परामर्श कसा घ्यावा याविषयी पोलोनियस व राजपुत्र यांचे जे बोलणे होते, त्यात हे क्रियापद याच अर्थाने आले आहे. आजच्या इंग्रजीत हा अर्थ मागे पडला असून माणसाला ‘यूझ’ करणे म्हणजे स्वार्थासाठी त्याला वापरून घेणे, असा निंदाव्यंजक अर्थ पुढे आला आहे.

याहून वेगळा असा एक अर्थ सवयीचा आहे. ‘यूस्ट टू’ या रूपाने भूतकाळातील नित्याची क्रिया दाखविली जाते. मराठीत तेथे स्वतंत्र क्रियापद लागत नाही. ‘तो तेथे जाई’ किंवा ‘जात असे’ एवढ्याने काम होते. मराठी व्याकरणकारांनी या काळाला ‘रीतिभूतकाळ’ असे नाव दिले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एका भाषेने जे काम ‘वापर’वाचक क्रियापदाकडे सोपविले, ते दुसरीच्या व्याकरणात ‘रीति’ या नावाने ओळखले गेले.

उच्चारही येथे मार्गदर्शक ठरतो. क्रियापदाचा अंत्य वर्ण घोष आहे, तर नामाचा अघोष: क्रियापद ‘यूझ’, नाम ‘यूस’. सवयीच्या अर्थी ते क्रियापद पुन्हा अघोष होऊन ‘यूस्ट’ असे उच्चारले जाते. लेखनाने जे एक ठेवले, ते कानाने वेगळे केले आहे. कायद्याच्या इंग्रजीत तर आणखी एक विशेष आढळतो. तेथे ‘यूझर’ म्हणजे केवळ वापरणारा माणूस नव्हे; दीर्घकाळ, अखंडपणे चालत आलेला वापर, हाही त्या शब्दाचा अर्थ आहे. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी जुना निकाल वाचू लागला, तर एका साध्या वाक्याशी अडखळल्यावाचून राहणार नाही.

२. पाणवठ्यावरील मराठी

‘वापरणे’ हा शब्द संस्कृतातील ‘व्यापार’ या शब्दाशी जोडला जातो. त्याचा अर्थविस्तारही मोठा आहे; तथापि तो इंग्रजी क्रियापदाच्या विस्ताराशी तंतोतंत जुळत नाही. पाण्याच्या बाबतीत तर ही विसंगती विशेषच जाणवते.

मराठी घरात पाण्याचे दोन भाग सर्वत्र ओळखले जातात: ‘प्यायचे पाणी’ आणि ‘वापरायचे पाणी’. पहिले हंड्यात किंवा माठात झाकून ठेवावयाचे. दुसरे धुण्याभांड्याला, आंघोळीला, सडा घालण्याला. ‘हे पाणी वापरायचे आहे’ असे गृहिणी म्हणते तेव्हा ते पिऊ नये, असाच तिचा आशय असतो. म्हणजे ‘पाणी वापरणे’ या मराठी प्रयोगातून पिण्याची क्रिया बहुधा वगळली जाते. इंग्रजी ‘यूझ’मध्ये मात्र ती सर्वप्रथम समाविष्ट असते. एखाद्या भाषांतरकाराने ‘पाण्याचा वापर करण्याचा हक्क’ असे लिहिले, तर शब्द बरोबर असूनही नेमकी मुख्य गोष्ट निसटण्याचा संभव राहतो.

परंतु कर्म बदलले की अर्थही बदलतो. ‘पाणी वापरणे’ याऐवजी ‘पाणवठा वापरणे’, ‘विहीर वापरणे’ किंवा ‘तळे वापरणे’ असे म्हटले, म्हणजे पिणे, भरणे, धुणे, गुरांना पाणी दाखविणे या सर्व क्रिया एकदम आत येतात. आणि त्यांबरोबर आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे त्या जागी जाण्याचा व उभे राहण्याचा अधिकार. विहिरीचे पाणी शेंदावे लागते, तळ्याचे भरावे लागते, झऱ्याचे ओंजळीने घेता येते. कोणती क्रिया कोणी करावयाची आणि कोणी अंतरावर उभे राहून दुसऱ्याच्या हातून पाणी वाढून घ्यावयाचे, हे जुन्या गावगाड्यात जातीवरून ठरे. ‘पाणी मिळणे’ आणि ‘पाणी भरणे’ या दोन क्रियापदांत म्हणूनच सामाजिक अंतर सामावलेले आहे. ज्याला पाणी मिळते तो ते वापरतोही. परंतु पाणवठा तो वापरीत नाही.

महाडच्या वादात मागणी पाण्याची नसून पाणवठ्याची होती, हे या दृष्टीने पाहिले म्हणजे स्पष्ट होते. तळ्याचे पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नाही. समतेचा पायंडा घालण्यासाठी तळ्यावर जावयाचे आहे, अशा आशयाचे प्रतिपादन डॉ. आंबेडकर यांनी डिसेंबर १९२७ मधील परिषदेत केले होते. ‘पिण्याच्या पाण्याचा सत्याग्रह’ असे त्या घटनेचे जे संक्षिप्त वर्णन पुष्कळदा केले जाते, ते चुकीचे नसले तरी अपुरे ठरते, ते यामुळेच.

३. ‘वापरू देणे’ आणि ‘वापरणे’

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांस ‘यूझ’ करू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. या वाक्यातील कर्मांची मालिका पाहण्यासारखी आहे. इंग्रजीने सातही स्थळांना एकच क्रियापद लावले. मराठीला स्वाभाविकपणे तसे करता येत नाही. विहिरीवर पाणी भरावयाचे, धर्मशाळेत उतरावयाचे, शाळेत बसावयाचे व शिकावयाचे, न्यायालयात दाद मागावयाची, कचेरीत काम घेऊन जावयाचे, दवाखान्यात औषध घ्यावयाचे.

येथे इंग्रजी क्रियापदाचे बळ आणि त्याची उणीव एकाच वेळी प्रत्ययास येतात. भिन्न क्रियांना एका शब्दाखाली आणल्याने हक्काचे तत्त्व सर्वत्र एकच आहे, हे स्पष्ट होते. पण ‘यूझ’ कसा करावयाचा याविषयी तो शब्द मौन पाळतो. वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसून धडे ऐकणारा मुलगाही शाळा ‘यूझ’ करीत आहे, असे कोणी म्हणू शकेल. मराठीत मात्र ‘तो शाळेत बसतो’ असे त्याच्याविषयी म्हणता येणार नाही. सामान्य शब्द समतेला उपयोगी पडतो, तर विशिष्ट शब्द पळवाटा बंद करतो. आणि भाषांतरकाराला या दोहोंपैकी कशाला किती द्यावयाचे ते प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

ठरावाची दुसरी बाजू त्याच्या वाक्यरचनेत आहे. ‘अस्पृश्यांना पाणवठे वापरू द्यावेत’ या वाक्यात वापरणारा हा चतुर्थीत आहे. देणारा अनुक्त असला तरी मुख्य क्रिया त्याची आहे. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने केलेल्या ठरावाचा आशयही असाच होता: अस्पृश्यांनी तळे वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही. ‘हरकत नाही’ हा मराठी व्यवहारातील अतिशय सोयीस्कर शब्दसमूह आहे. त्याने अडथळा घेतला जात नाही. पण दुसऱ्या कोणी तो घेतल्यास तो दूर करण्याची जबाबदारीही पतकरली जात नाही. पुढील तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला, यात म्हणूनच नवल नाही.

महाड हे तालुक्याचे ठिकाण व बाजारपेठ. सावित्रीकाठच्या आणि पोलादपूरकडील डोंगरातल्या खेड्यापाड्यांतून माल घेण्यासाठी किंवा सरकारी कामासाठी तेथे येणाऱ्या अस्पृश्य गावकऱ्याला तहान भागविण्यास दुसरे सार्वजनिक ठिकाण नव्हते, असे डॉ. आंबेडकर यांनी आपल्या इंग्रजी लेखनात नमूद केले आहे. ज्या गावसेवकाला वतनाच्या बदल्यात निरोप, सांगावे व सरकारी कागद पोचविण्याची कामे सांगितली जात, त्यालाच कामाच्या ठिकाणचा पाणवठा वर्ज्य होता. इंग्रजी क्रियापदाच्या भाषेत सांगावयाचे, तर गाव त्या माणसाला ‘यूझ’ करी. त्याला मात्र गावातील काहीही ‘यूझ’ करता येत नसे. क्रियापद तेच, केवळ कर्ता व कर्म यांची अदलाबदल झाली की न्यायाचे अन्याय होते. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘राबविणे’ हा शब्द आहे. तो ‘वापरणे’पासून वेगळा असल्याने ही अदलाबदल मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ती सेवाव्यवस्था कायद्याने संपविण्यास १९५८ चा कनिष्ठ गाववतने निर्मूलनाचा कायदा यावा लागला.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही मंडळी त्या उद्योगात अग्रभागी होती. २० मार्चला परिषदेतील समुदाय रांगेने तळ्यावर गेला आणि डॉ. आंबेडकर यांनी व त्यांच्यामागून इतरांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता त्या दिवशी वाक्याची रचनाच पालटली. ‘त्यांना वापरू द्यावे’ याच्या जागी ‘त्यांनी वापरले’ हे वाक्य आले. चतुर्थीतला माणूस तृतीयेत आला आणि कर्ता झाला. ‘देणे’ हे साहाय्यक क्रियापद अनावश्यक ठरले.

यानंतरच्या घटना सर्वपरिचित आहेत. वीरेश्वराच्या देवळातही प्रवेश होणार, अशी वार्ता पसरून परिषदेस आलेल्यांना मारहाण झाली. पुढे घागरींनी तळ्याचे पाणी काढून, पंचगव्य व मंत्र यांच्या साहाय्याने तळ्याची शुद्धी करण्यात आली. शब्दार्थाच्या दृष्टीने ही शुद्धी अर्थपूर्ण आहे. वापरणे आणि विटाळणे या क्रिया तेथे एक मानल्या गेल्या. मात्र सर्वांच्या बाबतीत नव्हे. तळ्याचे पाणी मुसलमान वापरीत होते, आणि त्या वापराने शुद्धीची गरज उत्पन्न होत नव्हती. तेव्हा दोष क्रियेत नव्हता, तो कर्त्यावर लादलेला होता. ‘वापर’ या शब्दाचा अर्थ वापरणाऱ्याच्या जातीवरून ठरत होता.

४. वापराविरुद्ध वहिवाट

४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असताना, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्पृश्य रहिवाशांच्या वतीने दिवाणी दावा दाखल होऊन तात्पुरता मनाई हुकूम मिळविण्यात आला. २५ डिसेंबरला भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र न्यायालयाचा हुकूम ध्यानी घेऊन स्थगित ठेवण्यात आला. येथून पुढे वादाचे क्षेत्र तळ्याच्या काठावरून न्यायालयात गेले, आणि ‘यूझ’ या क्रियापदाचा दुसरा अर्थ, म्हणजे काळाच्या बळावर हक्क निर्माण करणारा वापर, हा निर्णायक ठरू लागला.

मराठीत या अर्थाचा शब्द ‘वहिवाट’. त्यातील ‘वाट’ उघडच दिसते. माणसांच्या येण्याजाण्याने मळलेली, वाहती असलेली वाट हे चित्र त्या शब्दाच्या मुळाशी आहे. ‘शेत वहिवाटणे’, ‘वहिवाटीचा रस्ता’, ‘वहिवाटदार’ हे महसुली मराठीतील नित्याचे प्रयोग. वापर एकदाही होऊ शकतो. वहिवाट एकदा होऊ शकत नाही. एक ओंजळ पाणी हा वापर आहे. पिढ्यान् पिढ्या त्याच घाटावर भरलेल्या घागरी ही वहिवाट आहे. कायद्याने या फरकाला मान्यता दिलेली आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे घेतलेल्या उपभोगाला हक्काचे स्वरूप येते; आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात वहिवाटीच्या वाटेला किंवा पाण्याच्या उपयोगाला झालेला अडथळा दूर करण्याची तरतूद आहे.

वादींचे म्हणणे थोडक्यात असे होते की, तळे स्पृश्यांच्या मालकीचे असून अस्पृश्यांना तेथे जाण्याचा व पाणी घेण्याचा अधिकार नाही आणि पूर्वापार चाल तशीच आहे. या मांडणीतील तार्किक अडचण मराठी शब्द समोर ठेवला की चटकन ध्यानात येते. वहिवाट ही वापरणाऱ्याची असते. चालणाऱ्याच्या पायांनी वाट पडते. जो चालला नाही, त्याच्या न चालण्याने दुसऱ्याची वाट पडत नाही. स्पृश्यांनी तळे पिढ्यान् पिढ्या वापरले, ही त्यांची वहिवाट निर्विवाद होती, आणि तिला कोणी बाध आणू पाहत नव्हते. दाव्यात मागितलेली गोष्ट निराळी होती: दुसऱ्याने न वापरण्याची वहिवाट. ‘न वापरणे’ आणि ‘वापरू न देणे’ यांतही अंतर आहे. पहिले केवळ घडते. दुसऱ्याला एक निषेध करणारा, निषेध मानणारा आणि तो प्रसंग, अशा तीन गोष्टी लागतात. धाकापोटी जो पाण्याजवळ गेलाच नाही, त्याच्या न जाण्याचा पुरावा हा दुसऱ्याच्या हक्काचा पुरावा म्हणून वाचणे म्हणजे अभावातून भाव काढणे होय.

न्यायालयांनी आपापल्या परीने या प्रश्नाचा उलगडा केला. महाडच्या दिवाणी न्यायालयाने १९३१ मध्ये निर्णय देताना तळे नगरपालिकेचे असल्याचे ठरविले. अस्पृश्यांना वगळून पाणी वापरण्याची दीर्घकालीन चाल त्याने सिद्ध मानली. परंतु अशा चालीने वादींना कायदेशीर हक्क प्राप्त होत नाही, असा निर्णय दिला. ठाणे येथील अपील १९३३ मध्ये फेटाळले गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या अपिलात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्या पीठाने, वादींनी सांगितलेली चाल अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे ठरवून अपील फेटाळले. चाल अनादि नाही असे ठरल्यावर ती वाजवी आहे की अवाजवी, लोकहिताला धरून आहे की नाही, हा प्रश्न निर्णयासाठी उरला नाही.

निकालाचे हे स्वरूप टीकेस पात्र आहे काय, याविषयी मतभेद संभवतो. अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय लागला, हे त्याचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. तथापि त्या निर्णयाची भाषा शेवटपर्यंत वहिवाटीचीच राहिली. ‘चाल पुरेशी जुनी नाही’ असे म्हणणे आणि ‘चाल कितीही जुनी असली तरी अन्याय्य आहे’ असे म्हणणे यांत मोठा फरक आहे. पहिल्या विधानात काळाचे प्रामाण्य अबाधित राहते, फक्त त्याचे माप कमी पडते. दिवाणी अपिलातील न्यायाधीशाला समोर आलेल्या मुद्द्यांपलीकडे जाता येत नाही, ही मर्यादा ध्यानात घेतली तर यात न्यायासनाचा दोष मानता येणार नाही. मात्र एवढे खरे की, १९३७ पर्यंत ‘यूझ’चा हक्क जिंकला गेला तो ‘यूसेज’च्या पुराव्यात उणीव राहिली म्हणून, ‘यूसेज’पेक्षा ‘यूझ’ श्रेष्ठ ठरला म्हणून नव्हे.

५. संविधानातील शब्द

हे काम २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने केले. त्याच्या तेराव्या अनुच्छेदात ‘कायदा’ या संज्ञेची जी व्याप्ती दिली आहे, तीत कायद्याचे बळ असलेली रूढी व ‘यूसेज’ यांचा स्पष्ट समावेश आहे; आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढ्यापुरता असा कायदा शून्यवत् ठरविला आहे. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याची ठिकाणे यांच्या ‘यूझ’संबंधी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकावर निर्बंध असता कामा नये, असे सांगितले आहे. सतराव्याने अस्पृश्यताच नष्ट केली.

तेरावा व पंधरावा हे दोन अनुच्छेद शेजारी ठेवून वाचले, म्हणजे एकाच धातूच्या दोन शब्दांतील श्रेष्ठकनिष्ठभाव प्रथमच निश्चित झालेला दिसतो. वहिवाट वापराच्या आड येत असेल, तर वहिवाट रद्द. ती किती जुनी, हा प्रश्नच उरत नाही. महाडच्या दाव्यात प्रतिवादी असलेले डॉ. आंबेडकर हेच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. त्यावरून प्रत्येक शब्द महाडवरूनच सुचला, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. परंतु तलावांच्या ‘यूझ’विषयीची ती तरतूद वाचताना चवदार तळ्याची आठवण होऊ नये, हेही अशक्य आहे.

त्याच खंडात हे नाम आणखी एकदा आले आहे. सर्वसाधारण जनतेच्या ‘यूस’साठी अर्पण केलेली स्थळे, असा तेथे निर्देश आहे. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘वापर’ हा शब्द बसतो, दुसऱ्या ठिकाणी ‘उपयोग’. तळ्याचा ‘वापर’ माणूस करतो. तळे लोकांच्या ‘उपयोगासाठी’ असते. एकात कृती आहे, दुसऱ्यात प्रयोजन. दोन्ही ठिकाणी एकच शब्द घालण्याचा आग्रह धरला, तर एकरूपता साधेल, पण अर्थाची हानी होईल.

६. समारोप

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. महाडचा संघर्ष जातिभेदाचा होता. त्याचे कारण शब्दार्थात शोधणे म्हणजे मोठ्या दुःखाला व्याकरणाचे रूप देणे नव्हे काय? आक्षेप दुर्लक्षणीय नाही. शब्दाच्या संदिग्धतेमुळे तो संघर्ष उद्भवला, असे येथे प्रतिपादन नाही. शब्द नेमके असते, तरी तळ्याच्या पायऱ्या आपोआप मोकळ्या झाल्या नसत्या. परंतु हक्क मागणे, नाकारणे व मान्य करणे या तिन्ही क्रिया शेवटी शब्दांतूनच झाल्या, आणि त्या शब्दांचे मराठीकरण करताना जो गोंधळ होतो, तो केवळ भाषेचा राहत नाही. ‘पाण्याचा वापर’ आणि ‘पाणवठ्याचा वापर’ यांतील भेद पुसला, की मागणीचे स्वरूप भिक्षेचे होते. ‘वापरू दिले’ आणि ‘वापरले’ यांतील भेद पुसला, की इतिहासाचा कर्ता बदलतो.

शब्दाचा अर्थ बव्हंशी त्याच्या वापरात असतो, हा विचार विट्गेनस्टाइन याच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाला. आपल्याकडे पतंजलीनेही महाभाष्यात म्हटले आहे की, घट हवा असणारा कुंभाराकडे जातो. पण शब्द योजू इच्छिणारा वैयाकरणाच्या घरी शब्द घडवून घ्यावयास जात नाही. शब्द लोकांत आधीच वापरात असतात. कोशकाराचे काम तो वापर नीट पाहण्याचे. त्या दृष्टीने इंग्रजी-मराठी कोशांत या क्रियापदाच्या नोंदीत तीन सुधारणा आवश्यक वाटतात. पहिली: प्रतिशब्दांची नुसती माळ न देता कर्मानुसार अर्थ द्यावेत, हत्यार, शब्द, पाणी, पाणवठा, जमीन, माणूस यांपैकी कर्म कोणते, यावर मराठी क्रियापद अवलंबून आहे, हे उदाहरणांनी दाखवावे. दुसरी: ‘यूझ’, ‘यूस्ट टू’, ‘यूझर’ व ‘यूसेज’ यांचे परस्परसंबंध एके ठिकाणी स्पष्ट करून ‘वापर’, ‘उपयोग’, ‘उपभोग’, ‘राबता’, ‘वहिवाट’ व ‘रूढी’ या मराठी शब्दांच्या सीमा आखाव्यात. तिसरी: ‘वापरायचे पाणी’ यासारखे घरगुती प्रयोग, जे छापील गद्यात क्वचित येतात, त्यांची दखल घ्यावी, कारण भाषांतर फसते ते बहुधा अशाच ठिकाणी.

पदव्युत्तर वर्गात भाषांतराच्या अभ्यासासाठी १९२३ चा ठराव, १९३७ चा निकाल आणि संविधानाचा पंधरावा अनुच्छेद हे तीन उतारे एकत्र नेमले, तर एका लहानशा क्रियापदाच्या निमित्ताने इंग्रजी कायद्याची परिभाषा, महसुली मराठी आणि घरगुती बोली यांचा तौलनिक परिचय विद्यार्थ्यांना होईल. त्या उताऱ्यांत ‘यूझ’ जेथे जेथे येतो, तेथे कोणता मराठी शब्द योग्य, हे ठरविताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा लागेल: वापरणारा कोण, आणि वाक्यात तो कर्त्याच्या जागी आहे की नाही?